हरभऱ्याएवढा चंद्र

बाळाबाईनं वर्तमानपत्राची घडी फक्रुद्दीनच्या पुढ्यातल्या पाट्यावर आपटली, तशी त्याची छिन्नी होती तिथंच थांबली.

"वाचा," ती म्हणाली.

"मला कुठं वाचाय येतंय, अक्का?"

"बोलाय बरं येतंय! छापून यील एवढं मोठ्यांदा बोलाय येतंय!"

फक्रुद्दीननं घडीकडं बघितलंसुद्धा नाही. आत काय छापलंय ते पंधरा दिवसांत दहा जणांनी त्याला वाचून दाखवलं होतं आणि दहाही जणांनी पाठ थोपटली होती. ‘चंद्राचा म्हणून दाखवलेला दगड आपल्याच डोंगरातला! शहरातील अनुभवी पाथरवटाचा निर्वाळा.’ खाली त्याचं नाव आणि गल्लीचा पत्ता. चाळीस वर्षं तो जाती आणि पाटे घडवत होता, गावोगावचं पीठ त्याच्या दगडांतून पडत होतं, पण त्याचं नाव छापून येण्यासाठी त्याला आधी चंद्राची निंदा करावी लागली होती.

खरं तर निर्वाळा वगैरे काही नव्हताच. माणूस चंद्रावर जाऊन आला त्याच्या पुढच्या आषाढात तिथला दगड चार दिवसांसाठी कोल्हापुरात आला. एका शाळेच्या हॉलमध्ये तो ठेवला होता. छत्र्या, इरली, पोती पांघरून माणसं तीन-तीन तास रांगेत उभी राहिली आणि बघायला काय मिळालं, तर काचेच्या गोळ्यात बसवलेला हरभऱ्याएवढा खडा. माणसं चिडली. एवढं भिजून बघायचं तर निदान पाट्याएवढा तरी असावा, असं गावाचं म्हणणं. दुसऱ्या दिवसापासून कट्ट्याकट्ट्यावर शोध लागायला लागले. खरा दगड मुंबईतच बदलला. खरा कुठल्यातरी साहेबाच्या कपाटात आहे. चंद्रावर कोण गेलंच नाही, अमेरिकेनं वाळवंटात पिक्चर काढला. एका पैलवानानं तर तो खडा आपल्या तालमीमागच्या खडीतला आहे असं शपथेवर सांगितलं, आणि त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

फक्रुद्दीनही रांगेत होता. खडा बारीक असल्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. त्याला तो वाकून नीट बघायचा होता, दाणा कसला आहे, रंग कुठं बदलतो, कुठं चीर आहे का. पण छातीवर बिल्ला लावलेल्या एका स्वयंसेवकानं त्याच्या खांद्याला धरून त्याला पुढं ढकललं. "चला बाबा, दगडच आहे तो. एवढं काय बघताय त्यात?" पाथरवटाला असं म्हणायचं! त्याचं टाळकं फिरलं. बाहेर चहाच्या गाड्यावर बसून तो गरजला, की असले खडे माझ्या अंगणात कोंबड्या उकरत्यात. शेजारच्या बाकावर एक साप्ताहिकवाला बशीत चहा ओतत बसला होता. बाकीचं त्यानं घरी जाऊन लिहिलं.

"कोंबड्या उकरत्यात म्हनलो, अक्का," फक्रुद्दीन म्हणाला. "खोटा हाय म्हनलो न्हाय."

"कोडोलीत कोंबड्या पोचल्या न्हाईत. खोटा तेवढा पोचला."

कोडोली हे बाळाबाईच्या लेकीचं, शालूचं सासर. ते नाव ऐकल्यावर फक्रुद्दीननं हातोडा खाली ठेवला.

बाळाबाई शेजारच्याच गल्लीत राहायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून दोन म्हशी आणि तिचा आवाज यावर ते घर चाललं होतं. तिच्या दुधात पाणी आहे का, असं विचारायचं धाडस कुणी केलं नव्हतं. एकुलती एक पोरगी तिनं दोन वर्षांपूर्वी चांगलं घर बघून दिली होती. निदान तेव्हा ते चांगलं वाटलं होतं.

शालूला दिवस गेले, तसं तिच्या सासूनं, तानाबाईनं, नातू व्हावा म्हणून एकवीस संकष्ट्या बोलल्या. बोलल्या आपण आणि धरायला लावल्या सुनेला. दिवसभर पोटात काही घालायचं नाही, रात्री चंद्र डोळ्यांनी बघायचा आणि मगच जेवायचं. ढग असले की बाकीची दुनिया पंचांगात चंद्रोदयाची वेळ बघून जेवून घेते. तानाबाईला ते मंजूर नव्हतं. पंचांगात लिहिलेला चंद्र काय कामाचा, असं ती म्हणायची. ज्येष्ठातल्या संकष्टीला आभाळ उघडलंच नाही, तेव्हा ती पोटुशी पोर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच राहिली. मग गणपतीपुढं नाक घासून घेऊन सासूनं तिला वाढलं.

आषाढात शालू माहेरी आली होती. पुन्हा संकष्टी आली आणि पाऊस तर आठ दिवस हटायला तयार नव्हता. पोरीचं तोंड सुकलेलं बघून बाळाबाईच्या डोक्यात एकदम उजेड पडला. सासूला डोळ्यांनी बघितलेला चंद्र पाहिजे ना, मग तो तर चालून गावात आलाय! तिनं शालूला उठवलं, दोघींनी एक पोतं पांघरलं आणि दोघी रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. खडा बघून आल्यावर तिनं लेकीला पोटभर जेवू घातलं. तानाबाईलाही तेव्हा ते पटलं होतं. आपल्या सुनेनं हातभर अंतरावरून चंद्र बघितला, हे तिनं सगळ्या आळीला सांगितलं होतं.

अकराव्या दिवशी शालूचं पोट पडलं. अंगात रक्तच नाही, असं डॉक्टर म्हणाला. ते कोडोलीपर्यंत पोचलं नाही. साप्ताहिक मात्र पोचलं, कुणीतरी ते तानाबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि काल संध्याकाळी तिचा निरोप आला. खाणीतल्या खड्याकडं बघून उपास सोडला, देव कोपणारच. पोरगी आता तिकडंच ठेवा.

"माज्यासंगं कोडोलीला चला," बाळाबाई म्हणाली. "आनि तिच्या तोंडावर सांगा, दगड खरा हाय म्हनून."

"कसं सांगू? माज्या हातात कुठं दिला त्यांनी? दगड वाजवल्याबिगर मी..."

"हातात न घेता खोटा म्हनालासा की! मग खरा म्हनाय काय जातंय?"

चाळीस वर्षांत फक्रुद्दीननं एकही दगड न वाजवता गिऱ्हाइकाला दिला नव्हता. हातोडीनं टकटक करायची, कान लावायचा, आत चीर असली तर आवाज बद्द येतो. असा दगड जात्याला लावला तर पिठात कच येते आणि घरातली बाई आपल्या सात पिढ्या उद्धरते. त्याच्या शब्दावर माणसं तालुक्यावरून येत होती. तो शब्द आता असा रस्त्यावर पडला होता आणि तो त्यानं स्वतःच्याच तोंडानं पाडला होता.

दारात त्याची बायको नजीरा तांदूळ पाखडत उभी होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"जावा की," ती म्हणाली. "तोंड तुमचं सुटलं, भोगतीया पोरगी."

*

येष्टीत फक्रुद्दीन खिडकीशी बसला आणि बाळाबाई मधल्या वाटेच्या कडेला. दोघांच्या मध्ये तिची ओली छत्री होती. आजही संकष्टीच होती. सकाळी तिनं चहा पुढं केला, तर शालूनं कप तसाच मागं सारला होता. पोटात पोर नव्हतं, अंगात ताकद नव्हती, तरी ती उपास धरून बसली होती. व्रत पुढं चालू ठेवलं तर सासू घेईल, असं तिला वाटत होतं. बाळाबाईला त्या कपाचा राग आला होता, तानाबाईचा आला होता, साप्ताहिकवाल्याचा, बिल्लेवाल्यांचा, त्या अमेरिकेचा. एवढे लांब गेलात तर दोन पाट्या दगड भरून आणायला काय झालं होतं?

"नीट सांगा," ती मध्येच म्हणाली. "चाचरू नका."

"सांगतो म्हनलो न्हवं?" फक्रुद्दीन खेकसला. पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून बघितलं.

तानाबाई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. शालूचा नवरा कृष्णात खांबाला टेकून उभा होता. विहिणीला बघून तानाबाईनं नुसती मान वर केली, पण तिच्या मागं फक्रुद्दीन दिसल्यावर ती घाईनं उठली आणि तिनं स्वतः घोंगडं अंथरलं.

"या, या मिस्त्री. बसा. अठरा वर्सं झाली तुमच्या जात्याला, पिठात एकदा कच आली न्हाय. कुनालाबी इचारा."

फक्रुद्दीन घोंगड्याच्या काठावर बसला. त्या जात्याचं कौतुक ऐकून एरवी तो फुलला असता. आज त्याला ते टोचलं.

"वैनी, त्या पेपरवाल्यानं माज्या नावावर कायबी छापलंय," तो म्हणाला. "मी तसं म्हनलोच न्हाय. दगड खरा हाय. चंद्रावरचाच हाय."

"तुमी बघितलासा?"

"ह्या डोळ्यांनी बघितला."

तानाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं मान हलवली.

"तुमी म्हनताय म्हंजे खराच असनार. दगडातलं तुमास्नी न्हाय कळायचं तर कुनाला?"

बाळाबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. एवढं सोपं होतं, आणि रात्रभर ती डोळा न लावता भांडण जुळवत पडली होती! ती सोप्याच्या कडेवर टेकली.

"मग इहीनबाई, उद्याच घिऊन येते पोरीला."

"थांबा की," तानाबाई म्हणाली. ती पुन्हा शेंगांपाशी बसली होती. "दगड खरा, म्हंजे चंद्र खरा. व्हय?"

"व्हय."

"चंद्र खरा, म्हंजे उपास बी पुरा झाला. देवाचं काय ऱ्हायलं न्हाय आमच्याकडं."

"न्हायच की. एका शब्दाचं ऱ्हायलं न्हाय."

"मग पोर का गेलं?"

शेंगा कडकड फुटत होत्या. दाणे सुपात, फोलपटं बाजूला. तानाबाईच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच एक कोडं सुटल्यासारखं झालं होतं.

"म्हंजे खोट पोरीतच हाय," ती म्हणाली. "मी आपली उगंच त्या दगडाला बोल लावत हुते."

बाळाबाईला वाटलं, उठावं आणि ते सूप हिच्या डोक्यावर पालथं घालावं. दगड खोटा तरी शालूच वाईट आणि दगड खरा तरी शालूच वाईट! मग ती कशासाठी ह्या म्हाताऱ्या माणसाला ओढून एवढ्या लांब घेऊन आली होती? तिनं जावयाकडं बघितलं.

"जावईबापू, तुमी तरी बोला काय."

कृष्णात पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"आई म्हनतीया तर..." तो म्हणाला, आणि वाक्य पुरं करायचीही त्याला गरज वाटली नाही.

फक्रुद्दीनचा चेहरा लालबुंद झाला होता. चहाच्या गाड्यावर झाला असेल तसाच. पण या वेळी त्याचा आवाज चढला नाही.

"वैनी, एक सांगू का? आमच्यात पोटुशी बाईला रोजा माफ असतोय."

"आमच्यात बी असतोय की!" तानाबाई पटकन म्हणाली. परक्या माणसापुढं आपल्या देवाला कमीपणा येऊ द्यायची तिची तयारी नव्हती. "आमच्यात काय कमी हाय व्हय? गरवार बाईनं उपास न्हाय धरला तरी देव काय म्हनत न्हाय. समद्यास्नी म्हाईत हाय."

तिच्या हातातली शेंग फुटायची राहिली.

गोठ्यातली म्हैस एकदा हंबरली. तानाबाईनं खाली सुपात बघितलं, कृष्णातनं बाहेर रस्त्यावर बघितलं. बाळाबाई जागची हलली नाही. सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे तिलाही माहीत होतं. शालू पोटात असताना तिनं स्वतः एक एकादशीसुद्धा धरली नव्हती. तिच्या सासूनंच धरू दिली नव्हती. आणि लेक समोर सुकत बसली असताना तिला भाकरी वाढायचं सुचलं नाही, तिला रांगेत नेऊन उभं करायचं सुचलं. स्वतःच्या हुशारीचं तिनं तेव्हा किती कौतुक करून घेतलं होतं! आता तिला स्वतःचा जेवढा राग आला, तेवढा तानाबाईचाही आला नव्हता.

ती उठली.

"शालूची ट्रंक द्या," ती म्हणाली.

"आता गं बया! मी कुठं तसं म्हनले..." तानाबाई म्हणाली.

"तुमी न्हाय म्हनला. मी म्हनतीया. ट्रंक द्या."

एवढ्या वेळात कृष्णात पहिल्यांदाच चपळाईनं हलला. आत जाऊन त्यानं ट्रंक आणली आणि उंबऱ्याबाहेर ठेवली. ती फक्रुद्दीननं उचलून खांद्यावर घेतली. तोवर बाळाबाई पुढं चालायला लागली होती.

परतीच्या येष्टीत फक्रुद्दीन पुन्हा खिडकीशी बसला. ट्रंक पायाशी होती.

"खोटं बोललो मी आज, अक्का," फक्रुद्दीन म्हणाला. "त्या दगडाचं मला कायसुदिक म्हाईत न्हाय."

"तुमी एकटंच व्हय?" बाळाबाई म्हणाली, आणि तिनं पदरानं तोंड पुसलं.

*

ती घरी आली तेव्हा चार वाजले होते. शालू भिंतीकडं तोंड करून पडली होती. दारात ट्रंक टेकल्याचा आवाज झाला, तशी ती उठून बसली. ट्रंकेकडं तिनं बघितलं, मग आईकडं बघितलं. फक्रुद्दीन दारातूनच परत गेला.

बाळाबाईनं हातपाय धुतले, चूल पेटवली आणि परातीत पीठ घेतलं. पहिली भाकरी टम्म फुगली, ती तिनं तव्यावरून सरळ ताटात घातली. दूध घातलं, गूळ ठेवला. ताट लेकीपुढं सरकवलं.

"आज संकष्टी हाय, आई."

"असू दे."

"चंद्र अजून..."

"चंद्र काय उपाशी न्हाय. तू हाईस. जेव."

शालू ताटाकडं बघत बसली. ट्रंक तिला तिथूनही दिसत होती. बाळाबाईनं दुसरा गोळा हातात घेतला आणि तो मळता मळता ती बोलायला लागली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं.

"माजंच चुकलं. सासूला काय बोलू, मी तरी कुठं शानी हाय? तुला त्या दगडाफुडं न्हेलं मी. घरात बसवून जेवाय घालाय पायजे हुतं, ते सोडून दगडाफुडं न्हेलं! आनि आता खरा का खोटा म्हनून गावभर भांडत फिरतीया."

शालूनं भाकरीचा तुकडा मोडला. तो दुधात बुडवला, पण तोंडाशी नेला नाही.

"आई," ती म्हणाली, "मला त्यो दिसलाच न्हवता."

"काय?"

"दगड. काचंपाशी गेले आनि डोळ्याफुडं अंधारी आली. मागनं ढकललं, तशी भाईर आले. काच बी दिसली न्हाय मला."

"मग दिसला म्हनालीस की."

शालूनं तुकडा तोंडात घातला. तो गिळून होईपर्यंत ती थांबली.

"भूक लागलीती," ती म्हणाली.

बाळाबाईचे हात पिठातच थांबले होते. तवा तापून धुरायला लागला, तेव्हा तिनं दुसरी भाकरी थापली आणि टाकली.